टाचेवरचा न दुखणारा तीळ: दाखवावा का?

प्रश्न:
माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. त्यांच्या टाचेवर एक काळसर तीळ आहे. दोन वर्षांपूर्वी तो नव्हता, असे आई खात्रीने सांगते. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून वडील दाखवायला तयार नाहीत. मात्र गेल्या काही महिन्यांत त्याची एक कड पसरल्यासारखी मला वाटते. साधा तीळ आणि कर्करोग यांतला फरक घरी ओळखता येतो का?

प्रतिसाद १:
खात्रीने ओळखता येत नाही, पण शंका कधी घ्यावी हे कळू शकते. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नसतील, कड दातेरी किंवा पुसट असेल, एकाच तिळात काळ्या, तपकिरी, लालसर छटा मिसळल्या असतील, किंवा रुंदी ६ मिलिमीटरहून अधिक असेल, तर तो तपासून घ्यावा. या सर्वांपेक्षा मी बदलाला अधिक महत्त्व देईन, कारण मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, लहान आणि एकरंगीही असू शकतो, आणि तो बहुतेक वेळा जुन्या तिळात न होता कोऱ्या त्वचेवर नव्यानेच उगवतो. न दुखण्यावर तर मुळीच विसंबू नका. दुखणे, रक्त येणे ही बहुधा उशिराची लक्षणे असतात.

प्रतिसाद २:
जागाही लक्षात घ्या. गडद वर्णाच्या लोकांत हा कर्करोग एकूण कमी आढळतो, पण झालाच तर तळपाय, तळहात किंवा नखाखाली असण्याचे प्रमाण मोठे असते, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी, ते त्यातच गेले.
एक कळकळीची विनंती: तो तीळ लेझरने किंवा औषध लावून जाळून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोप या प्रकाश असलेल्या भिंगाने पाहतात आणि संशय आल्यास शक्यतो पूर्ण तीळ काढून बायोप्सीला पाठवतात. गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर पुढचे उपचार ठरतात. तीळ जाळला तर ते मोजायला काहीच उरत नाही.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. आज पट्टी शेजारी धरून तिळाचे छायाचित्र काढले आहे आणि गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.