मदत हवी आहे: बाबांच्या मांडीतली चरबीची गाठ, एमआरआय रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

बाबा 66 वर्षांचे. उजव्या मांडीत गाठ आहे, दुखत नाही, म्हणून दोन वर्षं अंगावर काढली. आता पँट त्या बाजूला घट्ट होते म्हणाले तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. सोनोग्राफीत नुसतं 'लायपोमा' (चरबीची साधी गाठ) लिहिलं होतं.

एमआरआयमध्ये गाठ स्नायूच्या आत, 12 सेंमी. चरबीचा सिग्नल दाबून काढलेल्या फोटोंमध्ये बहुतेक भाग काळा पडतो, म्हणजे चरबीच. पण आतले काही पडदे 2 मिमीपेक्षा जाड आहेत आणि एका कोपऱ्यात लहानसा भाग काळा न पडता पांढराच राहिलाय. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर तोच भाग उजळतो. रिपोर्टचा शेवट: 'अ‍ॅटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर नाकारता येत नाही.' म्हणजे चरबीचा सौम्य, हळू वाढणारा कर्करोग असू शकतो. हे वाक्य वाचल्यापासून आई जेवत नाहीये.

इथले सर्जन म्हणतात, चरबीच आहे, पुढच्या आठवड्यात काढून टाकू. मला घाई वाटते. माझ्या वाचनात आलं की मोठी, खोल गाठ असेल तर आधी जाड सुईची बायोप्सी करतात, तीही त्या पांढऱ्या राहिलेल्या भागातून, आणि एमडीएम2 जनुकाची फिश तपासणी (पेशीत त्या जनुकाच्या प्रती किती आहेत ते बघणारी) करतात. साध्या लायपोमात त्या प्रती वाढलेल्या नसतात.

कुणी यातून गेलंय का? बायोप्सीची जागा रेडिओलॉजिस्ट ठरवतो की सर्जन? थेट परळला टाटा मेमोरियलला दाखवायचं असेल तर एमआरआयची सीडी पुरते की पुन्हा करायला लावतात? कुणी डॉक्टर असतील तर कृपया स्पष्ट सांगा, घाबरवलंत तरी चालेल.