मदत हवी आहे: आयाक्सच्या ३-४-३ मध्ये क्रायफला नऊवर (सर्वांत पुढे, स्ट्रायकर) खेळवू की दहावर (स्ट्रायकरच्या मागे)?

मंडळी, आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये सध्या एक स्पर्धा रंगली आहे. प्रत्येकाने एक फुटबॉल क्लब घ्यायचा, त्याच्या आजवरच्या खेळाडूंमधून अकरा जण निवडायचे आणि समोरची टीम कशी फोडणार ते लिहून मांडायचं. निकाल बाकीचे देतात. मी हॉलंडचं आयाक्स घेतलं आहे आणि पहिलीच गाठ इटलीच्या मिलानशी पडली आहे. एक खेळाडू एकाच टीमला, असा नियम असल्यामुळे दोन्ही क्लबांत खेळलेल्यांची वाटणी झाली: व्हॅन बास्टेन मिलान घेतलेल्या मित्राला, रायकार्ड मला.

त्याची टीम मिलानचा जुना कोच साक्की याच्या वळणाची ४-४-२ (मागे चार, मधे चार, पुढे दोन). मागे तास्सोत्ती, कोस्टाकुर्टा, बारेसी, माल्दिनी. डाव्या बाजूला माल्दिनीच्या पुढे डोनाडोनी. आघाडीला गुलिट आणि व्हॅन बास्टेन. बारेसीने हात वर केला की अख्खी फळी एकदम पुढे सरकते आणि आपला स्ट्रायकर ऑफसाइड (फळीच्या मागे सापडून बाद).

माझी टीम अशी: गोलमध्ये व्हॅन डर सार. मागे तिघे, सुरबियर, क्रोल आणि फ्रँक डी बोअर. मधल्या चौघांच्या डायमंडच्या तळाला रायकार्ड, उजवीकडे नीस्केन्स, डावीकडे डाव्हिड्स, टोकाला लिटमानेन. पुढे फिनिडी जॉर्ज, क्रायफ, ओव्हरमार्स. डॅनी ब्लिंड आणि पीट कायझरला बाहेर ठेवताना फार जिवावर आलं. पण क्रोल १९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये हॉलंडकडून लिबेरो (बचावफळीच्या मागे मोकळा खेळणारा) म्हणून खेळला होता, म्हणून मधली जागा त्याला दिली. फ्रँक डी बोअर तर हवाच. डावीकडून तिरका लांब पास थेट फिनिडीच्या पायात टाकणारा दुसरा कोण आहे?

आता खरी अडचण. क्रायफ नऊ नंबरवर उभा राहत नाही, तो खाली मिडफिल्डमध्ये येतो. १९७१ ते १९७३ सलग तीन युरोपियन कप जिंकलेल्या टीममध्ये हे फार छान जमायचं, कारण त्याने रिकाम्या केलेल्या जागेत विंगर आत घुसायचे आणि मागून नीस्केन्स धावत यायचा. १९९५ च्या, कोच व्हॅन गालच्या आयाक्स टीमचं गणित निराळं. तिथे विंगर साइडलाइन सोडत नसत, नऊ नंबरवाला सेंटर बॅकला गुंतवून ठेवायचा आणि लिटमानेन मागून नेमक्या क्षणी बॉक्समध्ये शिरायचा. क्रायफ आणि लिटमानेन दोघंही त्याच दहा यार्डांत येऊन थांबले, तर बारेसीला काही कामच उरणार नाही.

म्हणून दुसरा पर्याय डोक्यात आहे: क्रायफ दहावर, रोनाल्ड डी बोअर नऊवर, लिटमानेन बाहेर. २४ मे १९९५ ला व्हिएन्नात मिलानविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलला रोनाल्डच पुढे होता, नंतर कानू आल्यावर तो मिडफिल्डमध्ये गेला. शेवटी रायकार्डच्या पासवर बदली आलेल्या १८ वर्षांच्या क्लुइव्हर्टने ८५ व्या मिनिटाला गोल केला. त्याच मोसमात स्पर्धेच्या ग्रुप फेरीतही आयाक्सने मिलानला दोनदा २-० हरवलं होतं, म्हणजे ही रचना मिलानला भारी पडते याचा पुरावा आहे. तरीही क्रायफ खाली आणि लिटमानेन त्याला ओलांडून पुढे, हे चित्र मनातून जात नाही. वर चढलेल्या फळीला मागून धावत येणाराच फोडतो, ऑफसाइडच्या जागी आधीपासून उभा असलेला नाही.

दुसरी काळजी उजव्या बाजूची. नीस्केन्स प्रेसिंग करत समोरच्या मिडफिल्डरच्या मागे त्यांच्या हद्दीत खोलवर जाणार, फिनिडी वर असणार. तेवढ्यात बॉल सुटला तर माल्दिनी आणि डोनाडोनी दोघांसमोर एकटा सुरबियर. रायकार्डला तिकडे सरकवलं तर गुलिटला मध्यभागी मोकळं रान मिळतं. फिनिडीला माल्दिनीच्या मागे पळवायचं? की नीस्केन्सला डावीकडे नेऊन उजवीकडे सीडॉर्फ ठेवायचा? सीडॉर्फ जागा धरून खेळतो, पण मग डाव्हिड्सला बसवावं लागेल आणि त्याच्याइतका बॉल हिसकावणारा दुसरा दिसत नाही.

तुम्ही क्रायफला कुठे खेळवाल, आणि तो खाली आल्यावर पहिली धाव कोणाची? माझं मत लिटमानेनकडे झुकतंय, पण व्हॅन गालच्या आयाक्सच्या मॅचेस त्या काळात ज्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या आहेत त्यांनी जरूर सांगा. उजव्या बाजूचा तोडगा सुचला तर तोही लिहा, रविवारी मांडणी द्यायची आहे.