शाळेच्या वाचनालयात 'या महिन्याचे लेखक' : सुरुवात कोणापासून करू?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. यंदा शाळेच्या वाचनालयाचं काम माझ्याकडे आलं आहे. मी मराठी शिकवते, ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण झालेलं नाही. मुलं पाचवी ते नववीची. पुस्तकं पुष्कळ आहेत, पण कुलूपबंद कपाटांत, आणि जवळजवळ सगळी बाइंडिंग करून घेतलेली. काचेतून नुसते तपकिरी कणे दिसतात. मुलं येतात आणि त्यातलं सगळ्यात बारीक पुस्तक ओढून नेतात. परवा सहावीतल्या एका मुलीनं पुस्तक हातात घेतलं, शेवटचं पान उघडून आकडा पाहिला आणि काही न बोलता परत ठेवून दिलं.

दाराजवळची एक मांडणी मी मोकळी केली आहे. तिथे दर महिन्याला एकाच लेखकाची पुस्तकं मांडायचा विचार आहे. कोणापासून सुरुवात करू? 'श्यामची आई' आणि 'गोट्या' मला फार प्रिय आहेत, पण पहिल्याच महिन्यात ती ठेवावीत का, ठरत नाहीये.

पुस्तकपेटी
मी शालेय ग्रंथपाल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला महिना भा. रा. भागवतांना द्या. लेखक निवडताना तो किती थोर आहे हे नंतर बघा, आधी बघा की मुलाचं एक पुस्तक संपल्यावर त्याच माणसाचं दुसरं लगेच हातात ठेवता येतं का. त्यांच्या फास्टर फेणेचं तेच आहे. प्रत्येक पुस्तकात वेगळं साहस, त्यामुळे क्रम चुकला तरी अडत नाही, आणि त्याचं ते 'ट्टॉक' दोन दिवसांत वर्गभर पसरतं. दुसरा महिना दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. तिसरा सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद मिळतात. फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे याच्या तोंडून रहस्य उलगडत जातं आणि त्यांचा लेखक मित्र जटायू आला की मुलं खूश होतात. तीन महिने असे गेले की मुलांना मांडणीकडे बघायची सवय लागते.

चौथा महिना माधुरी पुरंदरे. गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, हे मुलांना मुद्दाम सांगा. ज्यांना अजून सलग वाचायला जड जातं, त्यांच्यासाठी 'वाचू आनंदे' ठेवा. मराठीतल्या चांगल्या लेखनातले वेचे आहेत, सोबत चित्रं आहेत, कुठलंही पान उघडून वाचता येतं. पानांचा आकडा बघणाऱ्या मुलीला मी हेच देईन.

आता मांडणीबद्दल. पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवा, आणि एका वेळी सहा-सातच. बाइंडिंगमध्ये मुखपृष्ठ गेलेलं असेल तर पुस्तक आधी वर्गात वाचून दाखवा आणि मुलांकडून नवं मुखपृष्ठ काढून घेऊन चिकटवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही पुस्तकं घरी न्यायला द्या. पुष्कळ ठिकाणी दर्शनी पुस्तकं फक्त बघण्यापुरती असतात, मुलं आठवडाभर बघतात आणि नंतर तिकडे फिरकत नाहीत. मांडणी रिकामी दिसली तर दिसू दे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. कुलपाचंही त्या दृष्टीनं बघा.

निळीशाई
मी पालक म्हणून लिहितोय. माझा मुलगा सातवीपर्यंत काहीही वाचत नव्हता. त्याच्या हाती आधी 'चिंटू'ची चित्रमालिका पडली, मग 'देनिसच्या गोष्टी'. रशियन मुलगा आहे, पण खोड्या ओळखीच्या. कृपा करून चित्रकथांना त्या मांडणीवर जागा द्या आणि 'हे काय वाचतोस' असं कुणाला म्हणू देऊ नका. त्याला तसं एका मोठ्या माणसानं म्हटलं होतं. त्यानं पुस्तक दप्तरात खुपसलं ते महिनाभर बाहेर काढलं नाही.

रानवाटसरू
आठवी-नववीसाठी जयंत नारळीकर हवेतच. 'यक्षांची देणगी'तली एक कथा विज्ञानाच्या तासाला वाचा, मग बघा वर्गात किती प्रश्न येतात. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'ही याच वयाला द्या. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो, हे वाचून आमच्या वर्गातल्या एकानं वहीच्या कडेला भुईमुगाच्या शेंगा काढल्या होत्या. निसर्गाची ओढ असलेल्यांना मारुती चितमपल्ली. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मात्र नववीच्या आधी नको. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट आहे, पण सत्तेसाठीची हिंसा त्यात उघडीवाघडी आहे.

ओटीवरचा
'श्यामची आई'बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते मागे ठेवू नका, फक्त ते संस्काराचं पुस्तक म्हणून देऊ नका. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. हे सांगितलं की मुलं कान टवकारतात. मग पोहायला घाबरून लपलेल्या श्यामचं प्रकरण मोठ्यानं वाचा. पाण्याची भीती मुलांना स्वतःची वाटते. वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलात' एवढं मात्र विचारू नका.

पुस्तकपेटी
ओटीवरचा, पटलं. माझा विरोध फक्त पहिल्या महिन्याला आहे.

सायंतारा
यादीत आज लिहिणारी माणसं कमी दिसली म्हणून लिहिते. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची यादी हाताशी ठेवा. 2022 साली संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला, 2023 साली एकनाथ आव्हाड यांच्या 'छंद देई आनंद'ला, 2024 साली भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला. लेखक हयात असला की मुलं त्याला पत्र लिहू शकतात. पुस्तक लिहिणारं माणूस आपल्यासारखंच कुठेतरी राहतं, हे कळलं की मुलं पुस्तकाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

कवितेचाही एक महिना ठेवा. विंदा करंदीकरांच्या बालकविता, 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', नुसत्या मांडून उपयोग नाही, म्हणून दाखवाव्या लागतात. नववीतल्या एखाद्या मनस्वी मुलामुलीला प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला मुलगा लंपन द्या, 'वनवास' या पुस्तकापासून. सगळ्यांना नको, ज्याला हवा त्यालाच. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पुस्तकांना पैसे नसले तरी तेवढ्यानं एक महिना निघेल.

चांदणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. कुलूप काढलं. भागवतांपासून सुरुवात केली. सोमवारी सातवीच्या तासाला फास्टर फेणेचं एक प्रकरण वाचलं आणि ऐन पाठलागात घंटा झाली, मीही तिथेच थांबले. मधल्या सुट्टीत अकरा मुलं दारात उभी. प्रत एकच! कोणाला दिली तरी बाकीचे हिरमुसणार, असं झालं. काय करता तुम्ही अशा वेळी?

पुस्तकपेटी
नंबर लावायची वही करा आणि ती मुलांच्याच ताब्यात द्या. पुस्तक आठवड्याऐवजी तीन दिवसांनी परत. अकराजण थांबले आहेत ही नोंद जपून ठेवा. पुढच्या खरेदीच्या वेळी दुसरी प्रत मागायला तीच दाखवता येते. तोवर थांबलेल्यांच्या हातात भागवतांचं दुसरं पुस्तक द्या.