मुलीचं नाव 'त्विषा' ठेवायचंय: ऐकणारे गोंधळतात, स्पेलिंगही ठरत नाही

तळेगावकरीण

बारसं पुढच्या रविवारी आहे. जन्माची नोंद दवाखान्याकडून नगरपरिषदेत गेली आहे, नावाचा रकाना सध्या कोरा ठेवलाय. आम्हा दोघांना 'त्विषा' आवडलंय. आतापर्यंतच्या प्रतिक्रिया: "त्रिशा का?", "तिशा?", "ट्विशा म्हणजे काय?" सासूबाईंना ते द्वेषासारखं ऐकू येतं. मामंजींचं म्हणणं, जोडाक्षराने नाव सुरू करू नये. गुरुजींनी हस्त नक्षत्र, चौथं चरण आणि अक्षर 'ठ' सांगितलंय, तो आणखी वेगळा ताप.

विचारायचं ते असं: इंग्रजी स्पेलिंग कसं करावं? दाखल्यावर नाव किती दिवसांत घालावं लागतं, आणि नंतर बदलता येतं का? 'ठ' चं काय करायचं? 'छान आहे, ठेवा' एवढंच नको, अडचणी कुठे येतील ते सांगा.

बाराखडी

अर्थाच्या बाजूने नाव पक्कं आहे. त्विष् म्हणजे तेज, प्रभा. अमरकोशात सूर्याच्या नावांमध्ये 'त्विषांपति' आहे. मराठीतला 'त्वेष' त्याच धातूचा, फक्त आपण तो आवेश या अर्थाने वापरतो. त्यामुळे सासूबाईंच्या कानाला दोष देऊ नका. त्वेष आणि द्वेष आपण कायम ऐकतो, त्विषा कधीच नाही. कान ओळखीच्या शब्दाकडे धावतो.

खरी अडचण उच्चाराची आहे, आणि ती फोनवर जास्त जाणवेल. साध्या फोन कॉलमध्ये सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. श, ष, स यांचा बराचसा फरक त्याच्या वर असतो. शिवाय सुरुवातीचा 'त्' स्वराशिवाय येतो, म्हणून तो गिळला जातो. पलीकडच्याला 'विशा' किंवा 'तिशा' ऐकू येतं. बारशाआधी हे करून पाहा: नाव माहीत नसलेल्या चार-पाच जणांना फोनवर एकदाच सांगा आणि त्यांना ते देवनागरीत लिहून पाठवायला सांगा. निम्म्यांनी बरोबर लिहिलं तरी नाव चालेल. एकालाही जमलं नाही, तर 'तलवारीतला त, त्याला व' अशी फोड आयुष्यभर करावी लागेल, हे धरून चाला.

दुसरी चाचणी हाकेची. हाक मारताना आपण शेवटचा स्वर ओढतो. 'त्विषाऽऽ' शेवटी आकारान्त असल्यामुळे अंगणापलीकडे ऐकू जाईल. 'ऋत्विज', 'अद्वैत' अशी व्यंजनावर थांबणारी नावं तिथे मार खातात. घरगुती नाव तुम्हीच ठरवून टाका, नाहीतर आळी ठरवेल, आणि मग तिशी, विशी, काहीही होईल.

जोडाक्षराने सुरुवात नको, याला काही आधार नाही. श्रीधर, प्रभाकर, त्र्यंबक, ज्ञानेश्वर यांना कोणी अडवलं नाही. पण त्व हे जोडाक्षर नावाच्या सुरुवातीला विरळाच, एवढं मामंजींचं खरं.

दप्तरदार

कागदांचं सांगतो, कारण नाव विचित्र असो की साधं, चुका इथेच होतात आणि त्याच पुढे महाग पडतात.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती तुमची झाली आहे. नाव मात्र नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे रविवारच्या बारशासाठी सोमवारी नगरपरिषदेत धावायची गरज नाही. महिनाभर हाक मारून पाहा, मग अर्ज द्या.

एकदा नाव चढलं की विचार बदलला म्हणून ते खोडता येत नाही. लेखनातली चूक पुरावा देऊन दुरुस्त होते. 'त्विषा' चं 'अन्विता' करायचं असेल तर तो नावबदल. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि राजपत्रात नाव बदललं तरी जन्मदाखल्यावरचं मूळ नाव आपोआप बदलत नाही. पुढे प्रत्येक ठिकाणी दाखला आणि राजपत्र दोन्ही जोडत बसायचं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळासाठी हाच दाखला लागतो. म्हणून त्यावर जे स्पेलिंग पडेल तेच मूळ समजा. नंतर 'आधारवर नीट करू' हा हिशेब उलटा आहे. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं.

अर्जावर देवनागरी आणि रोमन दोन्ही स्वतःच्या हाताने, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा. उच्चारावरून टाइप करणाऱ्या कळफलकात एस-एच-ए दाबलं की आधी 'श' येतो, पोटफोड्या ष मिळवायला वेगळी कळ किंवा मोठा एस लागतो. कारकून घाईत असला की 'त्विशा' छापून मोकळा. 'पोटफोड्या ष' असं तोंडीही सांगा, आणि सहीशिक्का होण्याआधी मसुदा वाचायला मागा.

आधार केंद्रावर ऑपरेटर रोमन टाइप करतो आणि मराठी अक्षरं सॉफ्टवेअर स्वतः बनवतं. टी चा 'ट' होणार हे गृहीत धरा. तुमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या पडद्यावर मराठी ओळ वाचा, 'ट्विशा' दिसलं तर तिथल्या तिथे बदलायला लावा. पावतीवरही पुन्हा बघा.

१ मे २०२४ किंवा त्यानंतरच्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. नाव लांबतं. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळीत आडनावासकट नावाला ३९ जागा असतात, त्यापुढचं कापलं जातं. तुमचं नाव आखूड, तुम्हाला भीती नाही. 'ज्ञानप्रिया', 'हिरण्यगर्भ' वगैरे ठेवणाऱ्यांनी आई-वडिलांची नावं धरून अक्षरं मोजावीत.

अवकहडा

हस्ताची चार अक्षरं, दर चरणाला म्हणजे नक्षत्राच्या पावभागाला एक: पू, ष, ण, ठ. म्हणजे गुरुजी बरोबर. हीच पंचाईत आर्द्रा (कु, घ, ङ, छ) आणि उत्तराभाद्रपदा (दू, थ, झ, ञ) यांच्याही वाट्याला येते. ङ, ञ, ण यांनी नावं सुरू होत नाहीत म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यायची सोय शास्त्रातच दिलेली आहे. 'ठ' ला तशी पळवाट नाही. ठमा, ठकू ही जुनी नावं आहेत, आज कोण ठेवणार?

ठेवायची गरजही नाही. नावरस नाव (चरणाच्या अक्षरावरून येणारं) पत्रिकेपुरतं आणि व्यवहारनाव वेगळं, ही रीत जुनीच आहे. पत्रिकेत 'ठ' वरून जे काही ते लिहा, दाखल्यावर त्विषा. फक्त पत्रिकेवर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून घ्या. पुढे कोणी नुसत्या नावावरून रास काढली तर 'त्वि' वरून तूळ धरतील आणि हस्ताची रास आहे कन्या.

जन्मवेळ एकदा तपासा. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. पाच-दहा मिनिटांच्या फरकाने चरण बदलतं ते फक्त सीमेवर. वेळ तिसऱ्या-चौथ्या चरणाच्या सांध्यावर असेल तर 'ण', म्हणजे 'ड'. त्यातही फार काही हाती लागत नाही म्हणा.

पैलतीर

स्पेलिंगबद्दल. टी-व्ही-आय-एस-एच-ए असं लिहिलंत तर पहिली दोन अक्षरं 'टीव्ही' होतात. शाळेतल्या मुलांना याहून जास्त काही लागत नाही. शिवाय इंग्रजीत टी-व्ही ने शब्द सुरू होत नाही, टी-डब्ल्यू ने भरपूर होतात. म्हणून डब्ल्यू घातलात तर परदेशी माणूस न अडखळता 'ट्विशा' म्हणेल. त चा ट होणारच, ते कोणत्याही स्पेलिंगने टळत नाही. टी-एच करू नका: दक्षिणेत त साठी तसं लिहितात, पण मराठी माणूस त्याला 'थ' वाचतो.

जर्मनीत व्ही चा उच्चार बरेचदा फ होतो आणि डब्ल्यू चा व, तिथेही डब्ल्यूच बरा. जे चा य होतो, म्हणून 'ओजस' चा 'ओयास'. स्पॅनिशमध्ये 'तेजस' चं रोमन रूप 'तेखास' वाचतात आणि त्याचा अर्थ कौलं. जर्मन नोंदणी कार्यालय अनोळखी नावासाठी ते खरंच व्यक्तिनाम म्हणून वापरात आहे का, याचा पुरावा मागू शकतं. न्यूझीलंडमध्ये ७० अक्षरांहून लांब किंवा पदवीसारखं वाटणारं नाव नाकारतात. हे बाहेर जाणाऱ्यांसाठी, सगळ्यांनी घाबरायला नको.

एक मात्र सगळ्यांनी बघावं: रोमनमध्ये लिहिल्यावर आत इंग्रजी शिवी दिसते का. शीतल आणि निशित मधल्या 'शी', 'शि' ला एकच आय लावला की ती दिसते, आणि ऑनलाइन फॉर्मचे शिव्या गाळणारे फिल्टर कधी कधी असं नाव घेतच नाहीत. दोन ई लावले की प्रश्न मिटतो.

तळेगावकरीण

सगळ्यांचे आभार. डब्ल्यूवर आमचं एकमत झालंय. सासूबाईंचा 'द्वेष' तेवढा राहिला. आणि एका संकेतस्थळावर त्विषाचा अर्थ 'देवीची वीणा' दिलाय, तो कुठून आला?

कोशकीटक

कुठूनही नाही. नावांच्या संकेतस्थळांवर एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं, असा कारभार असतो. 'आरव' चा अर्थ शांत असं सर्रास सापडतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा (बाळाला शोभतो, ते वेगळं). 'अनय' म्हणजे अनीती, आणि आपल्याकडे राधेचा नवरा. 'मायरा' गोड वाटतं, राजस्थानात मात्र ती मामाने लग्नात आणायची भेट. 'श्रेयांश' हे बहुधा अकराव्या जैन तीर्थंकरांच्या श्रेयांस या नावाचं बिघडलेलं रूप. 'रेयांश' तर संस्कृत कोशात नाहीच. पडताळायचं असेल तर मोनियर-विल्यम्सचा किंवा आपट्यांचा कोश ऑनलाइन शोधता येतो. शब्द तिथे मूळ रूपात पाहा, त्विषा नाही मिळालं तर त्विष्.

सासूबाईंना कोश दाखवू नका, उपयोग होणार नाही. लोक अनोळखी नावाला नाकं मुरडतात ती नाव कानावर पडतं पण डोळ्यांना दिसत नाही म्हणून. बारशाच्या मखरावर आणि पेढ्यांच्या डब्यावर नाव देवनागरीत, ठळक, खाली दोनच शब्द: 'तेज, प्रभा'. आत्याकडून आदल्या दिवशी चार वेळा म्हणून घ्या. कानात कुर्रर्र केल्यावर तीच अडखळली तर सगळा मांडव तसाच अडखळतो. पाळण्याच्या गाण्यात नाव कुठे बसतं तेही पाहून ठेवा, दोन अक्षरी असल्याने मात्रा कमी पडतील, 'त्विषा बाळ' केलं की बसतं. नाव 'कसं वाटतं?' असं विचारून सांगू नका, ठरलंय म्हणून सांगा. मत मागितलं की लोक मत देतात.

आणि विचित्र नावांची परंपरा आपल्याकडे कमी नाही. मुलं जगत नसत त्या घरात दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा ठेवत. ती नावं प्रेमाची होती. त्याच गावांत मुलगी नको म्हणून नकुशी ठेवत. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली. मुलीला नावाचा त्रास कसला होतो ते तिथे दिसतं. 'त्विषा' चा त्रास स्पेलिंग सांगण्यापुरता आहे.

दप्तरदार

डब्ल्यू ठरला असेल तर आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंगही आत्ताच ताडून घ्या. तुमच्या आधारवर जसं आहे तसंच दाखल्यावर हवं, एखादा जादा ए किंवा दुहेरी ई सुद्धा नको. बाळाचं नाव अवघड म्हणून सगळे त्याकडेच बघत बसतात आणि चूक वडिलांच्या नावात निघते.