मदत हवी आहे: पाळलेल्या उंदरांना काय आणि किती खायला द्यावं?

नमस्कार मंडळी,

आधी हसून घ्या. लेकीच्या हट्टापायी आमच्या घरात दोन पांढऱ्या उंदरिणी आहेत, जिलबी आणि शेव. सख्ख्या बहिणी, वय दहा महिने. परवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या तर शेव २९० ग्रॅम आणि जिलबी चक्क ४१०! ती हल्ली पिंजऱ्याच्या वरच्या मजल्यावर चढतही नाही.

दुकानदाराने सूर्यफुलाच्या बिया, मका, शेंगदाणे आणि तपकिरी गोळ्या असं मिश्रण दिलंय. वाटी भरून ठेवली की दोघी आधी बिया वेचतात, मग शेंगदाणे. गोळ्या तशाच राहतात. त्या पाहून सासूबाईंना वाटतं खाणं आवडलं नाही, मग तूप लावलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्किट. टोकलं तर म्हणतात, "गणपतीचं वाहन आहे, उपाशी ठेवतेस?" यावर मी काय बोलणार!

जवळचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचे. उंदरांचा अनुभव नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. घरचं काय चालेल? अंडं, भाकरी, मोड आलेले मूग? आणि रोज किती?

भटकभवानी: आम्ही सापळा लावतो, तुम्ही तूप लावताय! बाकी उत्तरं वाचायला बसलेय.

पिंजरेवाला: औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं पांढऱ्या उंदरांची देखभाल केली आहे, त्यावरून सांगतो.

तुमची गडबड वाटीतच आहे. मिश्रण दिलं की उंदीर चरबीचं तेवढं उचलतो. म्हणून आमच्याकडे सगळं दळून दाबलेल्या एकाच प्रकारच्या गोळ्या असत, निवडायला वावच नाही. मोठ्या उंदराला दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. तुमच्या माद्या आहेत, १५ च्या आसपास धरा. उंदरांसाठीच्या गोळ्या आणा आणि वाटीत टाकण्याआधी वजन करा. गोळ्या संपेपर्यंत दुसरं काही नको. बदल आठवडाभरात हळूहळू करा, एकदम नाही.

घरचं चालतं, पण तोंडी लावण्यापुरतं. उकडलेले मूग, बिनमिठाची ज्वारीची भाकरी, काकडी, दुधी, गाजर, कोथिंबीर. उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा. राजमा कच्चा कधीच नको. शेंगदाण्यांबाबत मी फार कडक आहे: बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असतं आणि उंदराचं यकृत त्याला लवकर बळी पडतं. खवट वास आला तर सरळ फेका. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा त्रास नरांच्या मूत्रपिंडाला होतो. तुमच्याकडे माद्या आहेत, तरी साल मी कुणालाच देत नसे.

आणखी एक. उंदराला उलटी करता येत नाही. त्यामुळे नवं काही दिसलं की तो जरासं कुरतडून थांबतो, पोट बिघडत नाही ना ते बघतो. पहिल्या दिवशी दुधी तसाच राहिला म्हणजे नावडला असं नाही. चारपाच दिवस द्या. हे सासूबाईंनाही सांगा.

वजनाकडे दुर्लक्ष मात्र नको. माद्यांना स्तनाच्या गाठी फार होतात आणि मोजून खाणाऱ्यांत त्या कमी दिसतात.

शुभांगी_७: जिलबी शेवचा वाटा पळवते का? आमचा पळवायचा. वाटी बंद करून गोळ्या पिंजऱ्याभर विखरून टाकल्या, कागदाच्या बोळ्यांत लपवल्या. शोधत फिरला की व्यायामही होतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! वाटी बंद केली. आता सकाळी मी ३० ग्रॅम गोळ्या मोजून डबीत भरते आणि विखरून टाकायचं काम सासूबाईंकडे. हातातून खाणं जातंय म्हणून त्या खूश. तीन आठवड्यांत जिलबी ३९२ वर आली, काल वरच्या मजल्यावर झोपलेली सापडली.

सासूबाईंचा नवा प्रश्न: परवा एकादशी आहे. मीठ घालण्याआधी बाजूला काढलेली चमचाभर भगर चालेल का?

पिंजरेवाला: चालेल, दोघींत मिळून एक चमचा. वर दाण्याची आमटी नको.