ब्लूटेनबुर्गचे गॉथिक चॅपेल बरोकच्या लाटेतून कसे वाचले?

वाटसरू :
म्युनिकच्या पश्चिमेला ओबरमेंझिंग येथे, व्युर्म नदीच्या काठी, ब्लूटेनबुर्ग ही गढी आहे आणि तिच्या आवारात १४८८ मध्ये बांधलेले उत्तर-गॉथिक, म्हणजे गॉथिक शैलीच्या अखेरच्या काळातले, चॅपेल (छोटे प्रार्थनागृह) आहे. बव्हेरियातील कितीतरी गॉथिक चर्चे सतराव्या-अठराव्या शतकांत बरोक, म्हणजे नंतर आलेल्या भरगच्च सजावटीच्या शैलीतल्या, गिलाव्याखाली झाकली गेली. मग येथील तिन्ही वेद्या, रंगीत काचा आणि लाकडी प्रेषितमूर्ती कशा टिकल्या? हे चॅपेल बांधले तरी कोणी?

दगडी जोते :
ते बव्हेरियाचा ड्यूक सिगिस्मुंड याने बांधले. १४६७ मध्ये त्याने राज्यकारभार धाकटा भाऊ आल्ब्रेख्त चौथा याच्याकडे सोपवला, पण बांधकामाची ओढ काही सुटली नाही : १४६८ मध्ये म्युनिकच्या फ्राउएनकिर्ख या चर्चची पायाभरणी त्याच्याच हस्ते झाली, १४७८ मध्ये जवळच्या पिप्पिंगमध्ये त्याने सेंट वोल्फगांगचे चर्च बांधायला घेतले आणि त्यानंतर दहा वर्षांनी हे चॅपेल उभे केले. १५०१ मध्ये ब्लूटेनबुर्गमध्येच त्याचे निधन झाले. आपल्या वाड्यातल्या देवघरासारखीच ही घरची वास्तू होती, आणि माझ्या मते तिच्या टिकण्याचे मूळ यातच आहे. गावाच्या किंवा यात्रेच्या चर्चला काळाबरोबर नटावे लागे. खासगी चॅपेलवर तशी सक्ती नव्हती.

काजळरेघ :
वरील मताला एक पुरावा जोडतो. गढीचा राहता वाडा १६८०-८१ मध्ये नव्याने बांधला गेला, पण त्या वेळीही चॅपेलचा गॉथिक साज उतरवला गेला नाही. यान पोलाकने १४९१ मध्ये रंगवलेल्या मुख्य वेदीसमोर उभे राहिले की काय वाचले आहे ते कळते : सोनेरी पार्श्वभूमीवर परमपिता मृत ख्रिस्ताला दोन्ही हातांनी सावरून धरतो. चॅपेल पवित्र त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) वाहिलेले असल्यामुळे हाच विषय मध्यभागी आला आहे.

वाटसरू :
मनःपूर्वक आभार. आग्नेस बेर्नाउअरची कथाही याच गढीशी जोडली जाते ना?

दगडी जोते :
होय, पण चॅपेलशी नव्हे. सिगिस्मुंडचे वडील आल्ब्रेख्त तिसरे यांची ती प्रेयसी. आल्ब्रेख्त यांच्या वडिलांच्या हुकमावरून १४३५ मध्ये तिला श्ट्राउबिंगजवळ डॅन्यूबमध्ये बुडवण्यात आले. चॅपेल त्यानंतर अर्ध्या शतकाने झाले. पुन्हा जाल तेव्हा पिप्पिंगचे चर्च अवश्य पाहा. दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहिल्या, तर सिगिस्मुंडची आवड अधिक स्पष्ट दिसते.