आहार कोण ठरवतो: घरातली आवड की खरेदीची रीत?

नेकारकाठ

माझी आई गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे, जर्मनीतील श्टुटगार्टला आली होती. पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही गाडीतून सहा पिशव्या उतरवल्या, तेव्हा तिने विचारले, "उद्या कोणी जेवायला यायचे आहे का?" कोणीच येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि येथे रविवारी किराणा दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला जर्मनीत १९१९च्या राज्यघटनेने संरक्षण दिले आणि १९४९च्या घटनेने ते कलम तसेच पुढे चालू ठेवले. १९५६च्या कायद्यामुळे १९९६पर्यंत दुकाने साधारणपणे संध्याकाळी साडेसहाला आणि बहुतेक शनिवारी दुपारी दोनलाच बंद होत. आता वेळा पुष्कळ सैल झाल्या आहेत, परंतु आठवड्याची खरेदी एकाच दमात आटोपण्याची सवय अजून घराघरांत टिकून आहे.

आईने त्या सहा पिशव्या ओट्यावर रिकाम्या केल्या. बटाटे, गाजरे, कोबी, सफरचंदे, अंडी, चीज, दह्याचे मोठे डबे, राईच्या पिठाचा जड पाव, गोठवलेला पालक, डबाबंद टोमॅटो. तिने विचारले, "पालेभाजी कुठे आहे?" तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या घरातून मेथी, शेपू आणि चाकवत गेले ते कोणाला नकोसे झाले म्हणून नव्हे. जी भाजी शनिवारी आणून गुरुवारी शिजवावी लागेल, ती आम्ही घेतच नाही, आणि जी पाच दिवस टिकते तीच आमची आवड होऊन बसली आहे. सांगलीत आई अजूनही सकाळी कापडी पिशवी घेऊन मंडईत जाते, समोर जे कोवळे दिसेल ते घेते आणि त्यावरून त्या दिवसाचा स्वयंपाक ठरवते. आमच्याकडे आधी यादी ठरते, मग खरेदी होते आणि शेवटी जेवण त्या यादीत बसवले जाते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, एखाद्या देशातील कुटुंबाचा आहार चवीने किंवा संस्काराने जितका ठरतो, त्यापेक्षा दुकान किती लांब आहे, तेथे किती वेळा जाता येते आणि आणलेले किती दिवस टिकवावे लागते यावरून तो अधिक ठरतो. आपण "त्यांचे खाणे निकृष्ट" किंवा "आपले खाणे सात्त्विक" असे म्हणतो, तेव्हा बाजाराच्या या मांडणीकडे आपले लक्षच नसते. आपले अनुभव आणि मतभेद वाचायला मला आवडतील.

बेगमी

आपल्या निरीक्षणाचा आदर राखून सांगतो, परंतु निष्कर्ष मला मुळातच मान्य नाही. एकदाच भरपूर आणण्याची रीत ही काही युरोपची नव्हे. माझे बालपण मिरजेजवळच्या गावात गेले. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या घरी वर्षाचे गहू, शाळू, तांदूळ आणि तूरडाळ येत असे. धान्याला ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कणग्या आणि डबे भरले जात. त्याच सुमारास वर्षाची चटणी कुटली जाई, आणि पापड, कुरडया, सांडगे व शेवया गच्चीवर वाळत असत. त्याखेरीज वाण्याकडून महिन्याचा किराणा येई, आठवड्याचा बाजार होई, आणि रोजची भाजी त्या सगळ्यावर शेवटी येई. म्हणजे आपल्या आईच्या पिशवीत जे दिसते, ते तिच्या घरातील अन्नाचा एक भागच आहे, आणि पोट भरणारा बराचसा भाग आधीच घरात साठवलेला असतो.

मग फरक कोठे आहे? आम्ही वर्षभराचे साठवायचो ते कच्चे धान्य असे. दळणे, निवडणे, भिजवणे आणि शिजवणे हे सगळे नंतर घरातच होई. दहा किलो गव्हाचा डबा आणि दहा दिवसांच्या तयार जेवणाची खोकी ही दोन्ही साठवणच आहे, पण त्या दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही. दोष साठवणीचा नाही, साठवलेल्या वस्तूचा आहे, आणि ती वस्तू शेवटी माणूसच निवडतो. आपण कोबी निवडलात. पानकोबी जर्मनीतही पाच दिवस टिकतो, तसे सुके वाल, मटकी आणि चवळीही टिकतात, आणि मोड आलेली मटकी कोणत्याही मेथीपेक्षा कमी नाही.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहतो, आणि माझा अनुभव धागाकर्तीच्या सिद्धान्ताच्या नेमका उलट आहे. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांच्या अंतरात तीन भारतीय दुकाने आहेत. मेथी, शेपू, कढीपत्ता, गवार, तोंडली, ओला नारळ, सगळे ताजे मिळते आणि दुकाने रविवारीही उघडी असतात. असे असूनही आमच्या घरी आठवड्यातील निदान तीन रात्री बाहेरून मागवलेले जेवण असते, कारण आम्ही दोघेही संध्याकाळी सातनंतर घरी पोहोचतो आणि मेथी निवडायला लागणारी वीस मिनिटे त्या वेळी कोणाकडेच नसतात.

ही केवळ आमच्या घराची गोष्ट नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३मध्ये येथील लोकांनी खर्चायोग्य उत्पन्नापैकी सुमारे ११ टक्के रक्कम अन्नावर खर्च केली, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक घराबाहेरच्या खाण्यावर गेली. भारतात २०२२-२३च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरात सुमारे ३९ टक्के होता. पहिला आकडा उत्पन्नाचा आणि दुसरा खर्चाचा असल्यामुळे त्यांची काटेकोर तुलना होत नाही, तरी अंतर एवढे मोठे आहे की दिशा स्पष्ट दिसते. सॅक्सनीच्या एर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने १८५७मध्येच दाखवून दिले होते की उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा हिस्सा घटतो. पैसा वाढला की माणूस प्रथम चांगले अन्न विकत घेतो, आणि नंतर स्वयंपाकापासून सुटका विकत घेतो. आपण ज्याला देशादेशांतील फरक म्हणता, तो माझ्या मते मिळकतीचा आणि वेळेचा फरक आहे.

पुण्याची वाचक

सर्वांचे प्रतिसाद वाचले, आणि एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. बेगमी यांच्या गच्चीवर कुरडया "वाळत असत", चटणी "कुटली जाई", धान्याला ऊन "दाखवले जाई". हे सगळे कोण करत होते, ते एकाही वाक्यात आलेले नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे, आणि तीही पुरुषांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याने केलेल्या कामाची सरासरी आहे. ताजी भाजी, हातकुटी चटणी आणि गरम भाकरी या सगळ्यांचे मोल या मिनिटांनी चुकते केलेले आहे. एडिसनवासी यांच्या घरी मेथी निवडायला वेळ नाही याचा अर्थ एवढाच आहे की, पूर्वी तो वेळ घरातील एका व्यक्तीकडून न विचारता घेतला जात होता. या खर्चाचा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्या देशाचा आहार चांगला, ही चर्चा मला अपुरी वाटते.

कोरडवाहू

आपण सगळे घरांविषयी बोलत आहात. मी बीड जिल्ह्यातील गावात राहतो आणि मला येथे शासनाचा हात अधिक स्पष्ट दिसतो. माझ्या आजोबांच्या पिढीत ज्वारीची भाकरी हेच अन्न होते, आणि गव्हाची पोळी सणाला होत असे. रेशनवर मात्र वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ येत राहिले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना घरटी ३५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३पासून ते धान्य मोफत मिळू लागले. या व्यवस्थेने असंख्य घरांची चूल विझू दिली नाही, हे मी प्रथम आणि मनापासून सांगतो, कारण दुष्काळाची वर्षे मी पाहिलेली आहेत. परंतु जे धान्य घरात फुकट येते तेच ताटात येते, आणि आज आमच्या गावातील लहान मुलांना भाकरीपेक्षा भात जवळचा वाटतो. यात त्या मुलांच्या आवडीचा प्रश्न कोठे येतो?

एडिसनवासी यांनी उल्लेख केलेल्या पाहणीतील आणखी एक आकडा येथे नोंदवतो. ग्रामीण भागात एकूण खर्चातील तृणधान्यांचा वाटा १९९९-२०००मध्ये सुमारे २२ टक्के होता, तो २०२२-२३मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आला. ठळकपणे सांगितल्या जाणाऱ्या या आकड्यांत फुकट मिळालेल्या धान्याची किंमत धरलेली नसते, म्हणून घट प्रत्यक्षापेक्षा मोठी भासते, हे मान्य करूनही बदल मोठाच आहे. त्याच पाहणीत पेये आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे साडेनऊ टक्के होता, म्हणजे दूध, भाजी, धान्य या प्रत्येक गटाहून अधिक. आमच्या गावातील दुकानाच्या दारावर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. शाळेत जाणारे मूल सकाळी त्यातली एक पुडी तोडून घेते, आणि घरातील शिळ्या भाकरीचा काला तसाच राहतो. श्टुटगार्टला रविवारी दुकान बंद असते ही अडचण वाटत असेल, पण आमच्याकडे ते दुकान पहाटे सहा ते रात्री दहा उघडे असते, आणि त्याने आमचा आहार सुधारलेला नाही.

ओसाकाहून

तयार अन्न मिळू लागले की आहार बिघडतो, असे वरच्या काही प्रतिसादांत गृहीत धरलेले दिसते. जपानमध्ये बहुधा चोवीस तास उघडी राहणारी छोटी दुकाने पन्नास हजारांहून अधिक आहेत, आणि माझ्यासारखा नोकरदार माणूस आठवड्यातून अनेकदा तेथील भाताचे त्रिकोणी गोळे किंवा डब्यातील जेवण खातो. तरीही प्रौढांमधील स्थूलतेचे प्रमाण येथे ५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि अमेरिकेत ते ४० टक्क्यांच्या आसपास आहे. याचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल, परंतु शाळेतील जेवण हे त्यातले मोठे कारण असावे असे मला वाटते. १९५४मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला आणि २००५मध्ये अन्नशिक्षणाचा. प्राथमिक शाळेत मुले वर्गातच एकमेकांना वाढतात, सर्वांच्या ताटात तोच भात, तेच मासे, तेच सूप आणि तीच भाजी असते. माझी मुलगी घरी दुधी भोपळा खात नसे, पण शाळेत सहा महिने कडवट पालेभाज्या खाल्ल्यावर आता खाते. आवड शिकवता येते, आणि ती घराबाहेरही शिकवता येते.

नेकारकाठ

सर्वांचे आभार. पुण्याच्या वाचकांचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. आईच्या सकाळच्या फेरीकडे मी केवळ आहाराची रीत म्हणून पाहिले, आणि गुडघे दुखत असतानाही ती फेरी तिच्याच वाट्याला का येते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. आमच्या शहराच्या मध्यवर्ती चौकात मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी शेतकऱ्यांचा ताजा बाजार भरतो, परंतु मंगळवारी आणि गुरुवारी तो दुपारीच उठतो. त्यामुळे नोकरी करणाऱ्या माणसासाठी तो जवळ असूनही नसल्यासारखा आहे, आणि मी दुकानाचे अंतर म्हणत होते त्यात वेळेचे अंतरही धरायला हवे होते.

बेगमी यांना एवढेच सांगते की कच्चे आणि तयार यातला त्यांनी केलेला भेद मला पटतो. येथील श्वाबी लोकांचे आवडते जेवण मसुराची आमटी आणि घरी केलेल्या मऊ शेवया हे आहे, म्हणजे साठवणीतल्या डाळीवर आणि पिठावरच ते उभे आहे. त्यांचे रात्रीचे जेवण मात्र बहुधा थंड असते, पाव, चीज आणि काकडी. पूर्वी मला त्याची कीव येत असे. आता माझी मुले तेच खातात आणि रात्री आमच्या घरात कोणालाही ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही, त्यामुळे त्याला मी आता निकृष्ट म्हणू शकत नाही. तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. ओसाकाच्या दुकानात जे त्रिकोणी गोळे मिळतात ते भाताचे आणि माशाचे असतात, म्हणजे तेथेही दुकानाने काय मांडले यावरच जेवण ठरले.

कोरडवाहू

आपला मुद्दा अंतराचा असेल, तर आमच्या गावचे अंतर लिहून ठेवतो. भाजीचा आठवडी बाजार सात किलोमीटरवर भरतो, तोही फक्त मंगळवारी, आणि जाण्यायेण्याचे भाडे एका वेळच्या भाजीहून अधिक पडते. पुड्यांचे दुकान माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे.